कुंतीचे खोरे आणि शिक्षकांचा हिशेब

गेल्या वर्षी सातारा जिल्ह्यात माध्यमिक शिक्षकांच्या एका शिबिरात पर्यावरणावर बोलायला गेलो होतो. मधल्या सुट्टीत चहा घेताना एका बाईंनी पिशवीतून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढला. 'भारतातील पर्यावरण चळवळी' या प्रश्नाला बहुतेक मुलांनी एकाच साच्यातले उत्तर लिहिले होते. चिपको – उत्तराखंड – झाडांना मिठी. सायलेंट व्हॅली – केरळ – धरण रद्द – इंदिरा गांधी. बाई म्हणाल्या, "सर, चिपकोत बायकांनी झाडांना मिठ्या मारल्या, हे मुलांच्या डोळ्यांपुढे येतं. पण या दुसऱ्या ठिकाणी कुणी काय केलं? दिल्लीहून हुकूम आला आणि धरण थांबलं, एवढंच का?"

'शास्त्रज्ञांनी विरोध केला' असे काहीतरी मी सांगितले. त्याने त्यांचे समाधान झाले नाही आणि खरे म्हणजे माझेही झाले नाही. घरी आल्यावर या प्रकरणाबद्दल जे मिळेल ते वाचायला घेतले. हुकूम दिल्लीहूनच आला होता, यात शंका नाही. पण तो येण्याआधीची सात-आठ वर्षे ज्यांनी हा विषय धरून ठेवला, त्यांत शाळा-कॉलेजांतले शिक्षक बरेच होते. त्यांनी झाडांना मिठ्या मारल्या नाहीत. त्यांनी लेख लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली आणि विजेचा हिशेब मांडला.

आधी जागा पाहू. नकाशात पालघाटची खिंड शोधा. पश्चिम घाटाची भिंत जिथे एकदम तुटते, ती ही जागा. तिच्या उत्तरेला निलगिरी पर्वत आहे आणि त्याच्या नैऋत्य कोपऱ्यात, पालक्काड जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवर एक लांबट खोरे आहे. उत्तरेकडचे कडे दोन हजार मीटरच्याही वर जातात. पूर्वेच्या रांगेपलीकडे अट्टप्पाडी हा इरुळा, मुडुगा आणि कुरुंबा या आदिवासींचा प्रदेश. खोऱ्यात मात्र कधी वस्ती झाल्याची नोंद नाही. मधून उत्तर-दक्षिण वाहते ती कुंतिप्पुळा. मल्याळीत पुळा म्हणजे नदी, तेव्हा ही आपली कुंती. जंगलाचे जुने नाव सैरंध्रीवन. विराटाच्या घरी द्रौपदीने घेतलेले नाव आपल्या मुलांना पाठ असते, त्यामुळे वर्गात सांगायला हे सोपे जाते. 'सायलेंट व्हॅली' हे इंग्रजांनी दिलेले नाव. कुणी म्हणते तो सैरंध्रीचाच अपभ्रंश आहे. कुणी म्हणते या जंगलात सिकाडा या किड्यांची कर्कश किरकिर नव्हती, म्हणून ही 'शांत' दरी. ही दुसरी व्युत्पत्ती सगळीकडे छापलेली आढळते, पण सिकाडा तिथे आहेत आणि चांगले ओरडतात.

आता अभियंत्याच्या नजरेने पाहा. हजार मीटर उंचीवर सपाटसे खोरे, भरपूर पाऊस, बारमाही नदी, आणि सैरंध्रीपाशी ती एका अरुंद घळीतून खाली मैदानाकडे झेपावते. घळ बांधून टाकली की मागे जलाशय आणि पुढे उंच धबधबा, तोही फुकट. कुणाही अभियंत्याला इथे धरण सुचेल. सुचलेही. १९२८–२९ मध्येच ही जागा हेरली गेली होती. १९५८ मध्ये तांत्रिक पाहणी झाली आणि १९७३ मध्ये योजना आयोगाने मंजुरी दिली. सुमारे १३० मीटर उंचीचे धरण, पहिल्या टप्प्यात १२० मेगावॅट वीज आणि खालच्या भागात सुमारे दहा हजार हेक्टर ओलीत, अशी ती योजना होती. बुडणार होती सुमारे ८३० हेक्टर जमीन. एकही गाव उठणार नव्हते. आज धरण म्हटले की आपल्याला विस्थापित आठवतात. इथे तो प्रश्नच नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. विरोध करायला घर बुडणारा माणूसच नव्हता. उलट खालच्या मन्नारक्काड भागातल्या अनेकांना हे धरण हवे होते. त्रावणकोर-कोचीनच्या मानाने मलबार मागे राहिला, ही तक्रार जुनी आणि खरी होती. राज्यातले सगळे मोठे पक्ष, डावे आणि उजवे, प्रकल्पाच्या बाजूने होते.

मग विरोध सुरू झाला कुठून?

पहिली चाहूल निसर्ग अभ्यासकांना लागली. मद्रासच्या सर्पोद्यानाचे रोम व्हिटेकर यांनी सत्तरीच्या सुरुवातीला खोरे पाहून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला लिहिले. पुढे पर्यावरण नियोजनाच्या राष्ट्रीय समितीने १९७६ मध्ये एक अभ्यासगट नेमला. त्याचे प्रमुख होते मुंबईचे झफर फतेहअली. या गटाने प्रकल्प सोडून द्यावा अशी शिफारस केली, पण त्याबरोबर, तो अटळच असेल तर काय काळजी घ्यावी, याच्या १७ अटीही लिहून दिल्या. राज्य सरकारने पहिले वाक्य बाजूला ठेवले आणि अटी तेवढ्या उचलल्या. 'आम्ही सगळ्या अटी पाळू, मग हरकत काय?' पुढे १९७९ मध्ये या अटींचा एक कायदाही केला गेला. तज्ज्ञ समित्यांवर बसणाऱ्या आम्हा मंडळींनी हा प्रसंग फळ्यावर लिहून ठेवावा असा आहे.

हे सगळे इंग्रजीत आणि कार्यालयांत चालले होते. मल्याळीत हा विषय आणला तो केरळ शास्त्र साहित्य परिषदेने. ही संस्था १९६२ ची, म्हणजे आपल्या मराठी विज्ञान परिषदेहून चार वर्षांनी मोठी. मातृभाषेत विज्ञान लिहिणाऱ्यांनी एकत्र यावे एवढ्याच हेतूने ती सुरू झाली. हळूहळू तिची मासिके निघाली: मोठ्यांसाठी 'शास्त्रगती', हायस्कूलच्या मुलांसाठी 'शास्त्रकेरळम्', लहानांसाठी 'युरेका'. सभासदांत शाळामास्तरांचा भरणा मोठा. १९७७ मध्ये 'शास्त्रगती'त प्रा. एम. के. प्रसाद यांचा सायलेंट व्हॅलीवर लेख आला. प्रसाद वनस्पतिशास्त्र शिकवत, आणि तेही सरकारी महाविद्यालयात. सरकारचा पगार घेणाऱ्या शिक्षकाने सरकारच्या लाडक्या प्रकल्पाविरुद्ध लिहिणे त्या काळी किती अडचणीचे असेल, याची कल्पना या मासिकाच्या वाचकांना मी वेगळी द्यायला नको.

उत्तर केरळात पय्यन्नूरच्या कॉलेजात जॉन सी. जेकब हे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. ते विद्यार्थ्यांना घेऊन निसर्ग शिबिरे भरवत. त्या शिबिरांतून तयार झालेली मुले पुढे या चळवळीत उतरली. परिषदेपेक्षा जेकब यांची वाट वेगळी होती. परिषद विकासाचा पर्यायी हिशेब मागत होती, जेकब निसर्गाचा स्वतंत्र हक्क मानत होते. दोघांचे सगळ्याच बाबतींत पटत होते असे नाही, पण खोऱ्याबद्दल पटत होते.

खुद्द परिषदेतही एकमत नव्हते. सभासदांत वीज मंडळातले लोक होते, डाव्या पक्षांशी बांधिलकी मानणारे तर पुष्कळच होते, आणि त्या पक्षांची भूमिका प्रकल्पाच्या बाजूची. विज्ञान म्हणजे प्रगती आणि वीज म्हणजे विज्ञान, असे मानून आयुष्यभर खेड्यापाड्यांत व्याख्याने देणाऱ्या माणसाला 'ही वीज नको' असे म्हणायला लावायचे होते. भावनेने ते जमले नसते. १९७८ मध्ये परिषदेने विरोधाची भूमिका घेतली आणि लगेच पुढचा प्रश्न आला: मग मलबारला वीज कुठून देणार?

या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९७९ मध्ये परिषदेने एक पुस्तिका काढली. ती लिहिणारे पाच जण होते. वनस्पतिशास्त्राचे प्रसाद, अणुअभियंता एम. पी. परमेश्वरन, विद्युत अभियंता व्ही. के. दामोदरन, कृषिशास्त्रज्ञ के. एन. श्यामसुंदरन नायर आणि अर्थतज्ज्ञ के. पी. कण्णन. धरणाविरुद्धच्या पुस्तिकेत जंगलाचा जाणकार एकच आणि बाकीचे चौघे वीज, शेती आणि पैसा जाणणारे, ही निवड मला फार महत्त्वाची वाटते. तोवर अशा वादांत एका बाजूला अभियंता आणि दुसऱ्या बाजूला पक्षिनिरीक्षक असायचा. दोघे एकमेकांची भाषाच बोलत नसत, आणि जिंकायचा तो अभियंता. या पुस्तिकेने वीज मंडळाशी वीज मंडळाच्याच भाषेत वाद घातला.

यातला एक साधा हिशेब वर्गात करून घेता येईल. १२० मेगावॅटचे केंद्र वर्षभर अखंड पूर्ण क्षमतेने चालले तर किती वीज देईल? १२० ला २४ ने आणि ३६५ ने गुणा. उत्तर येते सुमारे १०५ कोटी युनिट. प्रकल्पातून खात्रीने मिळणार होती वर्षाला सुमारे ५२ कोटी युनिट, म्हणजे निम्मी. यात लबाडी काही नाही. जलविद्युत केंद्राला वर्षभर पूर्ण वेगाने चालवण्याइतके पाणी नसते. पण 'मेगावॅट' हा आकडा ऐकून आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते, ते किती कमी करून पाहायला हवे, ते मुलांना कळते.

पुढचा मुद्दा अधिक टोचणारा होता. १९७६ मध्ये इडुक्कीचे मोठे केंद्र सुरू झाल्यावर केरळ काही काळ शेजारच्या राज्यांना वीज विकत होता. मग मलबारमध्ये दिवे मंद का? कारण वीज तिथवर नीट पोचतच नव्हती. वाहिन्या आणि उपकेंद्रे अपुरी होती आणि वाटेत गळती होत होती. पुस्तिकेचे म्हणणे असे की, मलबारचे दुखणे वीजनिर्मितीचे कमी आणि वितरणाचे जास्त आहे, आणि ते दुसरे धरण बांधून बरे होणार नाही. शिवाय पूर्णपणे पावसावर विसंबणाऱ्या राज्याने जलविद्युत केंद्रांच्या जोडीला औष्णिक वीजही हाताशी ठेवावी. ओलितासाठी विहिरी आणि लहान योजना आहेतच. यातला प्रत्येक आकडा बरोबर होता का? वीज मंडळाच्या अभियंत्यांनी काही आकडे खोडून काढायचा प्रयत्न केला आणि पुढच्या दशकांत केरळला विजेची टंचाई भासलीही. तेव्हा त्या पुस्तिकेला वेदवाक्य मानण्याचे कारण नाही. पण तिने वादाची पातळी बदलली. 'माकडे हवीत की माणसे?' हा सभेत टाळ्या घेणारा सवाल त्यानंतर तितका बिनतोड राहिला नाही.

माकडांचे काय, तेही पाहू. हे माकड म्हणजे सिंहपुच्छ वानर. काळेभोर अंग, चेहऱ्याभोवती करडी आयाळ आणि शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. जगात तो फक्त पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात, कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडूत सापडतो. महाराष्ट्रात नाही. तो सदाहरित जंगलाच्या माथ्यावर, फांद्याफांद्यांवरून फिरतो आणि मोकळ्या जमिनीवर उतरायला नाखूष असतो. कलेनिया हे त्याचे एक लाडके झाड. ड्युरियनच्या कुळातले हे झाड, फळ लहानशा फणसासारखे काटेरी. बाकीची फळे नसतात त्या महिन्यांत वानरांची भिस्त बरीचशी यावर असते. एका टोळीला वर्षभर पोट भरायला कित्येक चौरस किलोमीटरचे सलग जंगल लागते, कारण आज या झाडाला फळ असते तर उद्या त्या.

सरकारचा युक्तिवाद असा होता की, ८,९५२ हेक्टरपैकी ८३० हेक्टर म्हणजे जेमतेम नऊ टक्के जंगल बुडेल, ९१ टक्के शिल्लकच राहील. गणित बरोबर आहे. चूक आहे ती सगळे हेक्टर सारखे धरण्यात. बुडणार होता तो खोऱ्याचा तळ, नदीकाठचे ओलसर जंगल. वरच्या उतारांवर बरीच जागा खडकाची आणि गवताची आहे. घराच्या क्षेत्रफळाच्या नऊ टक्केच जागा घेतो असे म्हणून कुणी स्वयंपाकघर काढून घेतले, तर उरलेल्या ९१ टक्क्यांत आपण कसे राहू? शिवाय लांबट जलाशयामुळे जंगलाचे दोन तुकडे पडणार, आणि धरण बांधायचे तर काही वर्षे रस्ते, खाणी, हजारो मजुरांची वस्ती, त्यांचे सरपण हे सगळे खोऱ्यात येणार. पीची येथील केरळ वन संशोधन संस्थेने १९७७ मध्ये परिणामांचा अभ्यास केला आणि हा भाग जीवावरण क्षेत्र म्हणून राखावा असे सुचवले. १९७८ मध्ये अश्काबाद येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघटनेच्या अधिवेशनानेही खोरे आणि हे वानर वाचवण्याचे आवाहन केले.

चळवळीच्या बाजूनेही अतिशयोक्ती झाली, ती लपवू नये. 'पाच कोटी वर्षे मानवाचा स्पर्श न झालेले जंगल' ही घोषणा फार गाजली. पश्चिम घाटातल्या सदाहरित वनांचा वंश पुरातन आहे हे खरे. पण एकोणिसाव्या शतकात याच खोऱ्यात काही ठिकाणी कॉफी लावून पाहिली गेली होती आणि विसाव्या शतकात वन खात्याने निवडक लाकूडतोडही केली होती. प्रकल्पाच्या समर्थकांनी यावर नेमके बोट ठेवले. जंगल बहुमोल ठरायला ते कुमारी असावेच लागते असे नाही. हे आधीच म्हटले असते तर बरे झाले असते.

१९७८ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संरक्षक कायद्याच्या अटीवर प्रकल्पाला हिरवा कंदील दाखवला. त्यानंतर चळवळ रस्त्यावर आली, पण केरळच्या पद्धतीने. सुगतकुमारी, ओ. एन. व्ही. कुरूप, अय्यप्प पणिक्कर अशा कवींनी कविसंमेलने भरवली. लेखक आणि कलावंतांची निसर्ग संरक्षण समिती झाली आणि सुगतकुमारींची झाडावरची कविता घरोघर पोचली. परिषदेचे शिक्षक वाचनालयांत आणि शाळांत व्याख्याने देत होते. डॉ. सालिम अली यांनी खोऱ्याला भेट देऊन प्रकल्प सोडण्याचे आवाहन केले. उच्च न्यायालयात याचिका गेली. तिने काम काही काळ थांबले, पण १९८० च्या आरंभी, हा धोरणाचा प्रश्न आहे असे म्हणून न्यायालयाने ती फेटाळली. मुंबईचे पत्रकार डॅरिल डी'माँट यांनी पुढे १९८५ च्या आपल्या पुस्तकात तीन वादांचा इतिहास लिहिला. त्यात सायलेंट व्हॅलीच्या शेजारीच आपल्या अलिबागजवळचा थळ-वायशेतचा खत कारखाना आहे. दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून वाचली तर आपल्याकडे काय कमी पडले, याचा विचार करता येतो.

दिल्लीतली हवाही बदलत होती. १९७९ मध्ये केंद्राच्या वतीने डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी पाहणी करून, आसपासची जंगले जोडून मोठे राखीव क्षेत्र करावे अशी शिफारस केली. जानेवारी १९८० मध्ये सत्तेवर परतलेल्या इंदिरा गांधींनी राज्याला काम थांबवायला सांगितले. त्या वर्षाच्या अखेरीस केरळ सरकारने राष्ट्रीय उद्यान जाहीर केले खरे, पण प्रकल्पाची जागा वगळून! मग प्रा. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र आणि राज्य यांची संयुक्त समिती नेमली गेली. पुण्याचे माधव गाडगीळ तिचे एक सदस्य होते. १९८३ च्या सुरुवातीला अहवाल आला, नोव्हेंबरमध्ये प्रकल्प सोडून देण्यात आला आणि १५ नोव्हेंबर १९८४ रोजी प्रकल्पाच्या जागेसह राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. त्याआधी दोनच आठवडे इंदिरा गांधींची हत्या झाली होती. ७ सप्टेंबर १९८५ रोजी राजीव गांधींनी उद्यानाचे उद्घाटन केले. इंदिराजींना आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठेची चिंता होती, केरळात विरोधी पक्षाचे सरकार होते, हे सगळे त्या निर्णयामागे असेलच. पण १९७८ साली प्रकल्प मंजूर झाला तेव्हाच सगळे गप्प बसले असते, तर १९८० मध्ये थांबवायला काही उरलेच नसते.

मला एका संशोधक म्हणून अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. हा वाद चालू होता तेव्हा खोऱ्यात नेमके काय आहे, ते कुणालाच पुरते ठाऊक नव्हते. रॉबर्ट वाइट हा वनस्पतिशास्त्रज्ञ १८४७ मध्ये तिथे फिरला होता. त्यानंतरच्या नोंदी तुटक होत्या. कालिकत विद्यापीठाचे के. एस. मणिलाल यांनी केलेली तिथल्या सपुष्प वनस्पतींची सविस्तर नोंद प्रसिद्ध झाली १९८८ मध्ये. तीत ९६६ जाती आहेत. म्हणजे निर्णयानंतर पाच वर्षांनी. शिक्षकांना अपुऱ्या माहितीवर बोलावे लागले. अपुऱ्या माहितीवर धरण बांधायला निघालेल्यांना मात्र 'तुमची यादी कुठे आहे?' असे कुणी विचारत नव्हते.

प्रकरण तिथे संपले नाही. २००१ मध्ये जुन्या जागेच्या साडेतीन किलोमीटर खाली पात्रक्कडवू येथे ७० मेगावॅटची नवी योजना पुढे आली. या वेळी बुडणारी जमीन फारच थोडी होती आणि ती उद्यानाच्या हद्दीबाहेर होती. पुन्हा तेच वाद झाले, पुष्कळदा त्याच माणसांत, फक्त केस पिकलेले. अखेर २००७ मध्ये उद्यानाभोवती सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे संरक्षक क्षेत्र जाहीर झाले. सुगतकुमारी डिसेंबर २०२० मध्ये गेल्या, प्रसाद जानेवारी २०२२ मध्ये.

त्या बाईंना मी हे सगळे पत्राने कळवले आणि सोबत १२० मेगावॅटचे गणितही पाठवले. त्यांनी ते नववीच्या वर्गाला घातले. उत्तर आले की, निम्म्या वर्गाने वर्षाचे दिवस ३६० धरले आहेत, आणि एका मुलाने विचारले आहे, कोयनेचे आकडे कुठे मिळतील?